वडीची पाठ आणि दाराची कडी

एका गावात एक भोळा मामा होता. तसे गावात मामा ढिगानं होते, पण हा एकट्या जुईचा मामा. नाव लिंबाजी. अंगानं रेड्यासारखा, मनानं वासरासारखा. सांगितलेलं काम त्यानं जन्मात कधी टाळलं नाही. तीच तर अडचण होती. एकदा बहीण त्याला म्हणाली होती, दूध उतू जाईल, चुलीपासून हलू नकोस. दूध उतू गेलं. लिंबा हलला नाही.

बहिणीचं नाव वनिता. ह्या गावात ती लग्न होऊन आलेली. नवरा बोअरच्या गाडीवर कामाला, आज ह्या मुलखात तर उद्या त्या मुलखात, कुठं पाणी लागेल तिकडं. सासरे लेकीच्या गावी विहिरीच्या कामावर गेलेले. घरात उरले कोण, तर माळकरी सासू, तीन वर्षांची जुई, एक शेळी, आणि दारात पुरुष माणूस असावा म्हणून आणून ठेवलेला हा लिंबा.

जुई म्हणजे तुराटी. वारा आला तर पोर धरून ठेवावी लागायची. वनिताचा सगळा जीव तिच्यात टांगलेला. भाकरी थापता थापता उठायची आणि पोरीचं मनगट आपल्या दोन बोटांत धरून बघायची. बोटं कालच्यापेक्षा आज जास्त जवळ आली असंच तिला रोज वाटायचं. मग तिची भाकरी करपायची.

त्या महिन्यात अंगणवाडीच्या बाईंनी जुईला काट्याच्या झोळीत टांगलं आणि तोंड बारीक केलं. म्हणाल्या, पुढच्या वजनाला काटा वर सरकला नाही तर पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवावं लागेल. वनितानं पोरीला झोळीतून काढून उराशी धरलं. दूध तर जुईला पचायचं नाही, घोटभर गेलं की पोट ढवळायचं. बाई म्हणाल्या, दूध राहू दे, डाळी-दाण्याचं दे. बाजारात हल्ली नुसत्या डाळी-दाण्याच्या प्रोटीनच्या वड्या मिळतात. पण बघून घे. सगळ्याच काही चांगल्या नसतात.

जुईला सोडून वनिताला एवढ्या लांब जाववेना, म्हणून बाजाराला लिंबाला धाडायचं ठरलं. वनितानं त्याला समोर बसवून बजावलं, की दुधाची आणायची नाही, शेंगदाण्याची, हरभऱ्याची असली तरच घ्यायची.

"बरं अक्का," लिंबा म्हणाला. "आता चुकायचं नाही."

दुकानात वड्यांच्या पाकिटांची नुसती उतरंड लागलेली. एकावर शेंगदाण्याचा ढीग काढलेला, वर हिरवं पान, आणि शेजारी दंड फुगवलेला पैलवान. लिंबानं पैलवानाच्या दंडाला बोट लावून बघितलं. पटलं त्याला. तेच पाकीट घेऊन आला.

जुईनं अर्धी वडी खाल्ली आणि सगळी दुपार परड्यात काढली. वनितानं पाकीट उलटं केलं. मागं मुंगीएवढ्या अक्षरात खरं काय ते छापलेलं. पहिली साखर, मग दुधाची भुकटी, मग कसलं कसलं तेल, आणि शेपटाला कुठंतरी शेंगदाणे. प्रथिनं तर मूठभर फुटाण्यात असतात तेवढीसुद्धा नव्हती. वनिता उंबऱ्यावर बसली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"लिंबा, समोरून कुणीबी छानच दिसतं रे. खरं काय ते पाठीवर लिहिलेलं असतं. आधी पाठ बघायची."

"बरं अक्का. आता चुकायचं नाही."

उरलेल्या वड्या शेळीनं खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाई जुईची चौकशी करायला घरी आल्या. वनिता आत चहा टाकत होती. दारात लिंबा. बाई म्हणाल्या, काय मामा, बरं आहे का. लिंबानं बाईंकडं समोरून बघितलं. छान दिसत होत्या. तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली. तो हळूच बाईंच्या मागं गेला. बाई वळल्या. तोही वळला. बाई पुन्हा वळल्या, हा पुन्हा मागं. अंगणात दोघांची फुगडी सुरू झाली. चहा घेऊन वनिता बाहेर आली तेव्हा बाईंना घेरी आली होती आणि लिंबा त्यांना समजावून सांगत होता, की एकदा नीट पाठ दाखवा, तुमच्यात काय काय आहे ते वाचतो आणि आत घेतो.

बाईंनी चहा घेतला नाही. जाताना म्हणाल्या, ह्या घरात पोरीकडं लक्ष द्यायला शहाणं माणूस आहे का कुणी. वनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई निघून गेल्यावर तिनं भावाला पुन्हा समोर बसवलं. पाठ वडीची बघायची, बाईची नाही. आणि पाठीवर नावांची जी ओळ असते त्यात जे नाव पहिलं, ते आत सगळ्यात जास्त. पहिलं नाव साखरेचं दिसलं की पाकीट खाली ठेवायचं. मातांच्या बैठकीत बाईंनीच हे सांगितलं होतं आणि वनितानं ते देवाच्या आरतीसारखं पाठ केलं होतं.

"बरं अक्का. आता चुकायचं नाही."

बाजाराच्या गावात त्या दिवशी वनिताच्या चुलत नणंदेचं लग्न होतं. वनितानं एका पिशवीत आहेराचं लुगडं, टोपी आणि उपरणं घालून दिलं, आणि सांगितलं की पत्रिका बघून ज्याचा त्याला आहेर दे, मग दुकानात जा. लिंबानं मांडवाबाहेर उभं राहून पत्रिका उघडली. सगळ्यात वर, पहिलंच नाव, श्री गजानन प्रसन्न. नवरा-नवरीची नावं पार खाली, शेंगदाण्यांसारखी. लिंबाला सगळं कळलं. ह्या लग्नात सगळ्यात जास्त आहे तो गजानन. बाकीचे नावापुरते.

तो सरळ गणपतीच्या देवळात गेला. देवाला टोपी घातली, उपरणं पांघरलं, लुगडं उंदराला दिलं, आणि न जेवता निघाला. मांडवात नणंद दारापर्यंत तीनदा येऊन बघून गेली म्हणे. वनिताला तिनं वर्षभर तोंड दाखवलं नाही ते वेगळंच.

दुकानात मात्र लिंबानं कमाल केली. एकेक पाकीट उलटं करून, अक्षराला अक्षर जोडत, दुकान बंद व्हायच्या बेताला त्यानं एक वडी शोधून काढली. पहिलं नाव शेंगदाणे. दूध नाही. तो धावत घरी आला. वनितानं पाकीट हातात घेतलं, तिचा चेहरा उजळला, आणि तेवढ्यात सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या. शेंगदाण्याच्या मागं दुसरंच नाव होतं अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं.

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात लसूणसुद्धा कांद्याच्या आडून यायचा. त्यांनी गोमूत्र शिंपडलं. वड्या शेळीनं खाल्ल्या. शेळीला माळ नव्हती.

"अरे, पाकिटावर ठिपका असतो," वनिता रडकुंडीला येऊन म्हणाली. "हिरवा ठिपका शाकाहारी. लाल ठिपका दिसला की समजायचं, हे मांसाहारी. लाल ठिपक्याला जवळ करायचं नाही."

"बरं अक्का. आता चुकायचं नाही."

त्याच आठवड्यात गावात सप्ताह बसला होता. शेवटच्या दिवशी महाप्रसादाची पंगत. लिंबा अंगानं दणकट, म्हणून त्याच्या हातात आमटीची बादली दिली. बायकांची पंगत बसली. सगळ्या माळकरी, सगळ्या नऊवारीत, पुढं पत्रावळी. लिंबा बादली घेऊन पहिल्या पत्रावळीपाशी वाकला आणि तसाच थांबला. समोरच्या बाईच्या कपाळावर लाल ठिपका. त्यानं पुढच्या बाईकडं बघितलं. लाल. तिच्या पुढची, लाल. अख्खी पंगत लाल. लिंबा घाबरला. पण सांगितलेलं काम टाळणारा तो नव्हे. त्यानं बादली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"लाल ठिपकेवाल्यांनी उठावं. ही पंगत शाकाहारी आहे."

टाळ वाजवणारे थांबले. पहिल्या पानावर वनिताची सासू बसली होती. तिचं कुंकू बंद्या रुपयाएवढं. लिंबा तिच्याजवळ गेला आणि हळू आवाजात, घरची अब्रू सांभाळत म्हणाला, "आत्याबाई, निदान तुम्ही तरी सांगायचं होतं. तुमचा तर सगळ्यात मोठा."

सासूबाई पत्रावळीवरून उठल्या त्या तशाच एसटीत जाऊन बसल्या आणि लेकीच्या गावाला निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की एक तर हा घरात राहील नाहीतर मी.

आता घरात वनिता एकटी, आणि वजनाचा दिवस जवळ आलेला. जुईचं मनगट बोटांत धरायचीसुद्धा तिला भीती वाटायला लागली. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, मी येतोच आहे, इकडच्या मोठ्या दुकानातून मीच वड्या आणतो, काळजी करू नको. पण काळजी काय सांगून थांबते. तिनं लिंबाला शेवटचं समोर बसवलं. ठिपका पाकिटाचा बघायचा, कपाळाचा नाही. आणि एक गोष्ट राहिली होती. पाठीवर कधी कधी अशी नावं असतात की वाचता वाचता जिभेला गाठ पडते. ती धान्याची नसतात, कसल्या तरी औषधी पुडीची असतात.

"जे नाव आपल्या तोंडातून निघत नाही, ते उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही," ती म्हणाली. "एवढं डोक्यात ठेव."

"बरं अक्का. आता चुकायचं नाही."

आणि नवल म्हणजे तो चुकला नाही. पाठ बघितली. पहिलं नाव शेंगदाणे. दूध नाही, अंडं नाही. ठिपका हिरवा. आत हरभरा, गूळ, तीळ, जवस, खजूर, सगळं घरातलं. एकही नाव जिभेला अडत नव्हतं. लिंबा खुशीत घरी आला. वनिता शेतातून यायची होती, म्हणून जुईला त्यानं शेजारणीकडून आणलं. पाकीट फोडणार, एवढ्यात त्याला आठवलं. नाव आपल्या तोंडातून निघायला हवं. पण खाणार कोण आहे. जुई. म्हणजे तोंड जुईचं.

त्यानं जुईला ओसरीवर बसवलं आणि परीक्षा घेतली. म्हण दाणे. जुई म्हणाली, दाने. म्हण गूळ. जुई म्हणाली, गूल. तीळ तर त्यानं तीन वेळा म्हणायला लावलं, जुई तिन्ही वेळा तील म्हणाली. चणे तर तिनं न विचारताच सांगितले. मग लिंबा म्हणाला, म्हण हरभरा. जुई म्हणाली, हब्बा. म्हण खजूर. जुई नुसती हसली. जवस म्हणताना तिची लाळ गळाली.

लिंबाला फार वाईट वाटलं. एवढी चांगली वडी. पण नियम म्हणजे नियम. त्यानं वड्या शेळीपुढं ठेवल्या. आणि पोर उपाशी राहू नये म्हणून, जी नावं तिच्या तोंडातून निघाली होती, तेवढीच त्यानं फळीवरच्या डब्यांतून काढली. दाणे, चणे, तीळ, गूळ. तिला चावेनात म्हणून खलबत्त्यात बारीक कुटले, लाडू वळला आणि दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नावं विचारली, पुन्हा लाडू दिला. कुणी थांब म्हणालं नाही, म्हणून रोजच देत राहिला, सकाळी एक आणि वनिता शेतात गेली की एक.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी वनितानं रिकामं पाकीट आणि जिभल्या चाटणारी शेळी बघितली. ह्या वेळी ती रागावलीसुद्धा नाही. उंबऱ्यावर बसून पदर तोंडाला लावून रडली. लिंबाला ते बघवेना.

"अक्का, हरभरा जुईच्या तोंडातून निघेना, म्हणून नाही दिली. काय चुकलं ते सांग."

"तिच्या तोंडातून नाही रे बाबा," वनिता हुंदका गिळून म्हणाली. "माझ्या तोंडातून. माझ्या तोंडातून जे नाव निघत नाही, ते उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. कळलं?"

लिंबाला कळलं. इतकं कधीच कळलं नव्हतं.

त्यानंतर वनितानं वड्यांचा नाद सोडला आणि नवऱ्याची वाट बघत बसली. मधल्या दिवसांत फळीवरचे डबे खाली जात होते. वनिताला वाटलं, उंदीर झालेत. जुईकडं ती धड बघतही नव्हती, बघितलं की जीव घाबरायचा.

वजनाचा दिवस उजाडला. बाईंनी निरोप धाडला होता, की तुमच्या घरी मीच येते, तुमचा मामा अंगणवाडीत नको. वनिता दळण आणायला गिरणीत गेली. जाताना लिंबाला सांगून गेली, आतून कडी लावून बस, जुईला सांभाळ, आणि सांगितलंय ते ध्यानात ठेव. कडी सैल होती. दार जरा जोरानं ओढून घेतलं की आतून आपली आपण लागायची. तरी लिंबानं ती हातानं लावली आणि दाराला पाठ देऊन बसला.

थोड्या वेळानं दार वाजलं. बाहेर वनिताचा नवरा उभा. खांद्याला पिशवी, काखेत वड्यांचा भला मोठा खोका, अंगावर तीन जिल्ह्यांची धूळ. म्हणाला, उघड रे, मी आलोय.

लिंबा खिडकीच्या गजाशी आला. दाजीला बघून त्याला आनंद झाला. सगळी विचारपूस केली, पाणी कसं लागलं, जेवणाचे हाल झाले का, खोकला बरा आहे का. दाजी म्हणाला, सगळं आत येऊन सांगतो, आधी उघड.

"तेवढं मात्र जमायचं नाही, दाजी."

"का रे? ओळखलं नाहीस का?"

"ओळखलं की. दाजीच आहात. पण अक्काच्या तोंडातून तुमचं नाव कधी निघालंय का? आठवून सांगा."

दाजी आठवायला लागला. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. वनिता त्याला अहो म्हणायची. परक्यासमोर जुईचे पप्पा म्हणायची. फोनवर तर नुसतं, ऐकलं का. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा लाजून तिनं तोंडात घास घेतला होता, तो अजून गिळला नव्हता. दाजी प्रामाणिक माणूस.

"नाही निघालं," तो म्हणाला.

"मग बघा," लिंबा म्हणाला. त्याला स्वतःला फार वाईट वाटत होतं. त्यानं खिडकीतून पाण्याचा तांब्या दिला.

दाजी म्हणाला, अरे माझी आई आहे ना घरात, ती तर माझं नाव दिवसातून शंभरदा घेते. लिंबा म्हणाला, आत्याबाई नाहीत, त्यांचा ठिपका लाल निघाला. दाजीला ह्यातलं काही समजलं नाही. तो खोक्यावर बसला. तेवढ्यात काटा खांद्यावर टाकून अंगणवाडीच्या बाई आल्या आणि दारापासून चार हात लांब, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मग शेजारणी जमल्या. मग पोरं जमली. वनिता दळणाचा डबा डोक्यावर घेऊन आली तेव्हा अंगणात जत्रा होती, आणि जत्रेत खोक्यावर बसलेला तिचा नवरा.

काय झालं ते तिला चौघांनी एकदम सांगितलं. डबा खाली ठेवून ती दारावर थापा मारायला लागली. मी सांगते, उघड. लिंबा आतून म्हणाला, तूच सांगितलंस, तुझ्या तोंडातून नाव निघाल्याशिवाय नाही. वनितानं नवऱ्याकडं बघितलं. मग शेजारणींकडं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. बाई घड्याळ बघत म्हणाल्या, वनिता, मला अजून सात घरं करायचीत. वजन नाही झालं तर तसंच लिहावं लागेल मला.

हे ऐकल्यावर लाज गेली कुठल्या कुठं. वनितानं पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली,

"हरभऱ्याची डाळ, शेंगदाण्याची वडी,
माणिकरावांचं नाव घेते, उघड भावा कडी."

शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. कडी निघाली. माणिक आत गेला. वनिता त्याच्यामागं निघाली, तर लिंबाचा हात मध्ये आडवा.

"थांब अक्का. तुझं तोंड बाहेर आहे. आता आतलं तोंड दाजीचं. दाजी, हिचं नाव?"

माणिक तिला अगं म्हणायचा, जुईची आई म्हणायचा. तोही लाजला. पण बायको बाहेर आणि आपण आत, हे काही बरं दिसेना. बोअरवरचा गडी, जे रोज बघतो तेच त्याच्या तोंडी आलं.

"सातशे फूट खोल गेलो तेव्हा लागलं पाणी,
आत घे रे वनिताला, तीच घराची राणी."

राहिल्या बाई. त्यांचं नाव कुणालाच सांगता येईना. गावभर पोरांची नावं लिहून घेणाऱ्या बाईंना त्यांचं नाव कधी कुणी विचारलंच नव्हतं. चंपावती, बाई म्हणाल्या, आणि त्याही जराशा लाजल्या. सगळ्यांनी मिळून चंपावती म्हटलं, तेव्हा काटा आत आला.

काटा आढ्याला टांगला. जुईला झोळीत बसवलं. वनितानं डोळे घट्ट मिटले आणि माणिकचा हात धरला. बाईंनी काट्याकडं बघितलं. मग टिचकी मारली, अडकला असेल म्हणून. काटा अडकला नव्हता. बाईंनी जुईला उतरवून पुन्हा बसवलं. काटा पुन्हा तिथंच. गेल्या खेपेच्या कितीतरी वर, बाईंच्या तक्त्यावर अगदी हिरव्या पट्ट्यात.

वनितानं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तिनं जुईचं मनगट आपल्या दोन बोटांत धरलं. बोटं जुळेनात.

बाईंनी विचारलं, कोणती वडी दिली. वनिता म्हणाली, वडी तर एकही पोटात टिकली नाही, सगळ्या शेळीनं खाल्ल्या. खिडकीतून शेळी दिसत होती. ती दारातून आत मावेल असं आता वाटत नव्हतं. मग लिंबानंच सांगितलं, जुईची परीक्षा, चार नावं, खलबत्ता, सकाळी एक आणि अक्का शेतात गेली की एक. वनितानं फळीवरचे रिकामे डबे बघितले आणि उंदरांची मनातल्या मनात माफी मागितली. मग माणिकनं आणलेला खोका उलटा करून बघितला. पहिलं नाव साखरेच्या पाकाचं होतं. माणिक जमिनीकडं बघायला लागला.

बाई खूष होत्या. वहीत वजन लिहिता लिहिता बोलून गेल्या, "ह्या मामाचीच रीत बरी. जुईच्या तोंडातून जी नावं निघतात, तीच घरात ठेवा. बाकी सगळं बाहेर काढा."

"बरं बाई," लिंबा म्हणाला. "आता चुकायचं नाही."

वनितानं त्याला आवरायला हात पुढं केला. पण तोवर लिंबानं खोका उचलून शेळीपुढं ठेवला होता. परत येऊन त्यानं माणिककडं बोट दाखवलं. जुई, हे कोण? जुई म्हणाली, पप्पा. पप्पा हे नाव नव्हे. लिंबानं दाजीला उचललं आणि अंगणात नेऊन ठेवलं. मग वनिता. जुई म्हणाली, आई. आई तर घरोघरी असते. वनिताही अंगणात. चंपावतीबाईंचं नाव विचारायचीही गरज पडली नाही, त्या आपण होऊन बाहेर पळाल्या, काटा आतच राहिला. मग घरात उरला लिंबा. तो जुईपुढं उकिडवा बसला.

"आणि मी कोण, जुई?"

"मामा."

लिंबानं मान डोलावली. वशिला त्याला चालायचा नाही. तो उठला, स्वतःच बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. जरा जोरानंच ओढलं. आत कडी पडली.

नेमक्या त्याच वेळी राग निवळून सासूबाई एसटीतून उतरल्या. कपाळावर बंद्या रुपयाएवढं ताजं कुंकू. बघतात तर लेक, सून, बाई आणि तो लिंबा, सगळे अंगणात. शेळी खोक्यात तोंड घालून बसलेली. आणि खिडकीच्या गजाला धरून, गुळानं माखलेल्या तोंडाची जुई एकटी घरात उभी.

"जुई, कडी काढ गं बाळा," वनिता काकुळतीला येऊन म्हणाली. "आई आहे."

जुईनं आईकडं बघितलं. सकाळपासून तिनं सगळं ऐकलं होतं.

"नाव?" जुई म्हणाली.

वनितानं सांगितलं. जुईनं म्हणून बघितलं. निघालं नाही. तिनं मान हलवली. माणिकनं सांगितलं, तेही अर्ध्यात अडकलं. आजीनं तर पुढं होऊन लाडानं हाक मारली. जुईनं आजीच्या कपाळाकडं बोट दाखवलं आणि खिडकीतून हळूच सरकून मागं झाली. लिंबाचे डोळे भरून आले. त्यानं वनिताच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघितलंस का अक्का," तो म्हणाला. "पोरगी कशी पारखून घेते. आता काळजीच मिटली."

ते दार पुढं कसं उघडलं ते मला विचारू नका, जुईलाच जाऊन विचारा. पण जाताना पाठ कोरी ठेवा, कपाळ पुसून जा, आणि नाव तेवढं सोपं घेऊन जा.